शुक्रवारची दुपार आणि अशासकीय विधेयकाची पाळी

२०१८ साली सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत एक विधेयक मांडलं. कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचा फोन न उचलण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, असं त्यात म्हटलं होतं. बातमी भराभर फिरली आणि आता असा कायदा येणार, असं पुष्कळांनी धरून चाललं. कायदा आला नाही. गंमत म्हणजे ते विधेयक कुणी फेटाळलंही नाही. त्याच्या बाजूने मत पडलं नाही, विरोधातही पडलं नाही. त्याची पाळीच आली नाही, आणि पुढच्याच वर्षी ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयक आपोआप व्यपगत झालं, म्हणजे संपुष्टात आलं.

मंत्र्याखेरीज इतर कुठल्याही सदस्याने आणलेलं विधेयक म्हणजे अशासकीय विधेयक. वर्तमानपत्रं त्याला खासगी विधेयक म्हणतात. हे विरोधकांचंच हत्यार आहे असा एक समज आहे, तो चुकीचा. सत्ताधारी पक्षाचा सदस्य मंत्री नसेल तर त्याचं विधेयकही अशासकीयच. अशा विधेयकांचं काय होतं हे समजून घ्यायचं असेल, तर मतदानाकडे बघून फारसं हाती लागत नाही. बघायला हवं कामकाजाच्या कार्यक्रमाकडे: कुठलं विधेयक, कुठल्या दिवशी, कितव्या क्रमांकावर. बहुतेक विधेयकांचा निकाल तिथेच लागून जातो, आणि ही जागा सामान्य वाचकाच्या नजरेला क्वचित पडते, म्हणून हा लेख.

सभागृहाचा वेळ मुळात कुणाचा, इथून सुरुवात करू. आज ब्रिटिश वळणाच्या जवळपास सगळ्या संसदांमध्ये उत्तर एकच आहे: सरकारचा. अर्थसंकल्प, सरकारी विधेयकं, मंत्र्यांची निवेदनं, सगळं आधी. पण हे आरंभापासून असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये साध्या सदस्यांच्या कामाला भरपूर वेळ असे. सरकारचा पसारा वाढला, आयरिश सदस्यांनी तासन् तास भाषणं करून कामकाज रोखायला सुरुवात केली, तसे नियम आवळत गेले. शेवटी १९०२ साली सभागृहातले सरकारचे नेते आर्थर बाल्फोर यांनी आठवड्याचं वेळापत्रकच आखून दिलं. सरकारी कामाला अग्रक्रम आणि सदस्यांच्या कामासाठी राखून ठेवलेला छोटासा तुकडा, ही आजची रचना त्यातूनच पक्की झाली.

हा तुकडा किती छोटा, ते भारताच्या उदाहरणावरून कळतं. लोकसभेत शुक्रवारच्या बैठकीचे शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजासाठी राखलेले असतात. राज्यसभेतही शुक्रवारची दुपारच. त्यातही एका शुक्रवारी विधेयकं, तर पुढच्या शुक्रवारी ठराव. अधिवेशन पाच आठवड्यांचं धरलं तर शुक्रवार पाच. त्यातले विधेयकांच्या वाट्याला दोन, फार तर तीन. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी पाच ते साडेसात तास. मध्ये सुट्टी आली किंवा गोंधळात सभागृह तहकूब झालं, की त्यातलाही एखादा शुक्रवार गेला. शुक्रवार बुडाला तर दुसऱ्या दिवशी वेळ देण्याची सोय नियमात आहे, पण तो दिवस मिळेलच असं नाही. आणि या पाच-सात तासांसाठी रांगेत उभी असलेली विधेयकं शेकड्यांनी मोजावी लागतात.

शुक्रवारच का? कारण आठवड्याचं मुख्य काम तोवर उरकलेलं असतं आणि सदस्यांना मतदारसंघात परतायचं असतं. म्हणजे ज्या वेळी सभागृह सगळ्यात रिकामं, तीच वेळ या कामाला मिळाली. लोकसभेची गणपूर्ती, म्हणजे कामकाज चालायला लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे ५५ सदस्य. शुक्रवारी संध्याकाळी थेट प्रक्षेपण लावून बसलं की दिसतं, बोलणारा सदस्य कागद नीट लावून, आकडे पाठ करून उभा असतो आणि त्याच्यामागे बाकांच्या रांगाच्या रांगा मोकळ्या. हे दृश्य दर वेळी माझ्या मनाला लागतं. कारण त्या कागदांमागे महिनोन् महिन्यांची मेहनत असते. साधा सदस्य कायद्याचा मसुदा स्वतःच्या बळावर तयार करतो, त्याच्या दिमतीला मंत्रालयातला फौजफाटा नसतो.

आता मुख्य प्रश्न. वेळ थोडा आणि विधेयकं उदंड, तर आधी कुणाचं घ्यायचं? आधी येईल त्याचं आधी, असा नियम केला तर पहिल्या दिवशी पळत जाऊन नोटीस देणाऱ्यांचं फावेल. बहुमताने ठरवलं तर सत्ताधारी पक्षच ठरवणार, मग राखीव वेळेचा उपयोग काय? म्हणून बऱ्याच संसदांनी शेवटी नशिबाचा आधार घेतला आहे. सोडत काढायची.

न्यूझीलंडची सोडत ऐकण्यासारखी आहे. तिथे साधारण दर दुसऱ्या बुधवारी सदस्यांच्या विधेयकांचा दिवस असतो. प्रत्येक सदस्याला सोडतीत एकच विधेयक ठेवता येतं. पहिल्या वाचनासाठी, म्हणजे पहिल्या चर्चेसाठी, थांबलेल्या विधेयकांची संख्या कमी झाली, की संसदेचे कर्मचारी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढतात. एखाद्या दुकानातून आणलेला असावा तसा साधा डबा, १९८० च्या दशकापासून वापरात असलेला. त्यात क्रमांक लिहिलेले बिल्ले. हात घालायचा, बिल्ला काढायचा, त्या क्रमांकाचं विधेयक कार्यक्रमावर. २०१२ साली लुइसा वॉल यांचं समलिंगी विवाहाला मान्यता देणारं विधेयक या डब्यातून निघालं आणि १७ एप्रिल २०१३ रोजी ७७ विरुद्ध ४४ मतांनी मंजूर झालं. डेव्हिड सीमोर यांचं इच्छामरणाचं विधेयक २०१७ साली असंच निघालं आणि २०१९ साली संमत झालं. देशाने वर्षानुवर्षं वाद घालावा असे हे विषय, पण ते संसदेपुढे कधी यायचे याचा मुहूर्त डब्यातल्या बिल्ल्याने ठरवला.

सोडतीत न्याय आहे, पण तो सदस्यांमधला न्याय आहे. मोठ्या पक्षाचा असो की एकांडा, प्रत्येकाला सारखी संधी. विधेयकाच्या गुणाशी सोडतीला कर्तव्य नसतं. कुणाचं अत्यंत निकडीचं विधेयक वर्षानुवर्षं डब्याच्या तळाशी राहू शकतं आणि कुणाचं किरकोळ दुरुस्तीचं पहिल्या खेपेला वर येऊ शकतं. न्यूझीलंडने यावर २०२० मध्ये एक वाट काढली: मंत्रिमंडळाबाहेरच्या किमान ६१ सदस्यांनी लेखी पाठिंबा दिला, तर त्या विधेयकाला सोडतीची गरज नाही, ते थेट कार्यक्रमावर येतं. मला हा उपाय पटतो. नशिबाचा दरवाजा बंद न करता त्याच्या शेजारी पाठिंब्याचा दुसरा दरवाजा त्यांनी उघडला.

लोकसभेची पद्धत थोडी वेगळी. तिथे अशासकीय विधेयकं आणि ठराव यांसाठी १५ सदस्यांची एक समिती आहे. विधेयक पुरःस्थापित झालं, म्हणजे सभागृहाच्या दप्तरी रीतसर दाखल झालं, की ही समिती त्याचं स्वरूप, निकड आणि महत्त्व पाहून त्याला ‘अ’ किंवा ‘ब’ वर्गात टाकते. ‘अ’ वर्गाला आधी संधी, आणि वर्गातल्या वर्गात क्रम ठरतो तो पुन्हा सोडतीने. कुठल्या विधेयकाला किती वेळ द्यायचा, तेही समितीच सुचवते. घटनादुरुस्तीचं विधेयक असेल तर ते पुरःस्थापित होण्याआधीच समिती तपासते. कागदावर ही रचना शहाणपणाची आहे. गुणही बघितला जातो, नशीबही.

अडचण पुढे येते. समितीने दोन तास दिले तरी सभागृह ते वाढवू शकतं, आणि वाढवतं. अर्धवट चर्चा झालेल्या विधेयकाला पुढच्या शुक्रवारी अग्रक्रम असतो. म्हणजे जे एकदा पाटावर बसलं ते सहसा उठत नाही. जनार्दन सिंह सिग्रीवाल यांनी २०१९ मध्ये आणलेल्या सक्तीच्या मतदानाच्या विधेयकावरची चर्चा लांबत लांबत २०२२ पर्यंत गेली, आणि अखेर मंत्र्यांच्या उत्तरानंतर विधेयक मागे घेतलं गेलं. विषय महत्त्वाचा होता, बोलणाऱ्यांना बोलायचंही होतं, त्यात गैर काही नाही. पण त्या काळात रांगेतल्या मागच्या विधेयकांनी काय करायचं? त्यांच्यातली कित्येक उत्तम असतील. ती सभागृहाच्या दारातच राहिली.

म्हणून वृत्तपत्रात ‘विधेयक मांडलं’ असं वाचलं की एवढंच समजायचं की त्याला रांगेत उभं राहायची परवानगी मिळाली. पुरःस्थापनेला सहसा कुणी विरोध करत नाही, तसा संकेत आहे. तोवर ना चर्चा झालेली असते, ना मत पडलेलं असतं. रांगेतून काउंटरपर्यंत पोचणं हा वेगळाच प्रवास.

ब्रिटनमध्ये तर क्रमांक हाच सगळा खेळ आहे, आणि त्याची उकल करून पाहण्यासारखी आहे. तिथे एका अधिवेशनात, म्हणजे साधारण वर्षभरात, अशासकीय विधेयकांसाठी तेरा शुक्रवार असतात. सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच, दर वेळी पाच तास. अधिवेशनाच्या सुरुवातीला सोडत निघते. शेकडो सदस्य वहीत एकेका क्रमांकापुढे सही करतात, आणि त्यांतून वीस नावं काढली जातात. पहिले सात शुक्रवार द्वितीय वाचनासाठी, म्हणजे विधेयकाच्या मूळ कल्पनेवरच्या चर्चेसाठी. साहजिकच सोडतीत पहिल्या सात जणांना एकेका शुक्रवारचा पहिला क्रमांक घेता येतो. त्यांना आपला सबंध दिवस मिळाल्यासारखाच. २०२४ च्या सोडतीत किम लीडबीटर यांचं नाव पहिलं आलं, म्हणूनच असाध्य आजारी व्यक्तींना मदतीने मृत्यू स्वीकारू देण्याच्या त्यांच्या विधेयकावर २९ नोव्हेंबरला पूर्ण चर्चा होऊन ३३० विरुद्ध २७५ असं मत पडू शकलं.

पण सोडतीत आठवा आला त्याने काय करायचं? त्याला कुणाच्या तरी पाठीमागे दुसरा क्रमांक घ्यावा लागतो. कुणाच्या, हे निवडणं त्याच्या हातात असतं, आणि इथे खरी चलाखी लागते. पुढचं विधेयक वादग्रस्त असेल तर पाच तास तेच खाणार. पुढचं विधेयक सगळ्यांना मान्य असेल, तर तासा-दीड तासात आटपेल आणि आपल्याला वेळ मिळेल. विरोधकांनाही हे गणित ठाऊक असतं. म्हणून तिथे एक विलक्षण प्रकार बघायला मिळतो: दुसऱ्या क्रमांकाचं विधेयक पाडायचं असतं, तर पहिल्या, बिनविरोध विधेयकावर कुणीतरी लांबलचक, अगदी सभ्य, तपशीलवार भाषण करत राहतं. अडीच वाजेपर्यंत. मागच्या विधेयकाविरुद्ध एक शब्दही न उच्चारता ते त्या दिवसापुरतं गारद होतं.

चर्चा आता थांबवा आणि मत घ्या, अशी मागणी करता येते. पण त्या मागणीच्या बाजूने किमान १०० सदस्यांनी मतदान करायला हवं. आणि शुक्रवारी शंभर सदस्य गोळा करायचे, तर प्रत्येकाला मतदारसंघातले ठरलेले कार्यक्रम रद्द करायला लावावे लागतात. ज्याला विधेयक संमत करायचं आहे त्याला शंभर माणसं लागतात, ज्याला अडवायचं आहे त्याला एकटं पुरतं. मला वाटतं, साऱ्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे.

तो एकटा माणूस किती पुरतो, ते १५ जून २०१८ च्या शुक्रवारी सगळ्यांनी पाहिलं. दुपारचे अडीच वाजले. नियमाप्रमाणे उरलेल्या विधेयकांची नावं एकेक करून वाचली जाऊ लागली. या वेळी कुणी हरकत घेतली नाही, तर विधेयक चर्चेविनाच पुढच्या टप्प्यावर जातं. वेरा हॉबहाउस यांच्या विधेयकाचं नाव आलं. बाईच्या स्कर्टखाली कॅमेरा नेऊन चोरून फोटो काढणं हा गुन्हा ठरवणारं विधेयक. सरकारचाही त्याला पाठिंबा होता. बाकांवरून एकच शब्द आला: हरकत. ख्रिस्तोफर चोप या सत्ताधारी सदस्याने तो उच्चारला. सभागृहातून ‘शरम करा’ अशा आरोळ्या उठल्या, पण नियमापुढे इलाज नव्हता. चर्चेशिवाय कुठलाही कायदा होऊ नये म्हणून आपण हरकत घेतली, असं चोप यांचं म्हणणं होतं. त्या तत्त्वात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. फौजदारी कायदा एका मिनिटात, कुणी बोललं नाही म्हणून पुढे सरकावा, हेही बरोबर नाही. पण चर्चा व्हावी तर चर्चेला वेळ हवा, आणि वेळच नाही म्हणून तर ते विधेयक अडीचच्या त्या यादीत येऊन पडलं होतं. पुढे लोकांचा संताप बघून सरकारने स्वतःचं विधेयक आणलं आणि २०१९ मध्ये कायदा झाला.

आठव्या शुक्रवारपासून क्रम उलटतो. जी विधेयकं शेवटच्या टप्प्यांजवळ पोचली आहेत ती आधी, नवी नंतर. हे रास्त आहे, नाहीतर सगळीच अर्ध्या वाटेवर राहतील. पण त्यामुळे ज्याचं द्वितीय वाचन पहिल्या सात शुक्रवारांत झालं नाही, त्याचं त्या वर्षी काही होण्याची आशा जवळजवळ संपते.

वेळेखेरीज आणखी एक कुलूप असतं, पैशाचं, आणि त्याची किल्ली सरकारकडे. भारतात संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, खर्च लागणार असेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ११७ नुसार राष्ट्रपतींची शिफारस लागते, आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. ब्रिटनमध्ये खर्चाचा ठराव फक्त मंत्र्यालाच मांडता येतो. अफझल खान यांचं मतदारसंघांच्या फेररचनेविषयीचं विधेयक द्वितीय वाचनात पार झालं होतं. पण २०१८ मध्ये सरकारने खर्चाचा ठराव मांडलाच नाही. विधेयक तपासणारी समिती जमायची आणि काही न करता उठायची.

हे सगळं वाचून वाटेल की सरकारच्या मर्जीविना काही होतच नाही. बहुतांशी खरं आहे. ब्रिटनमधला १९६७ चा गर्भपाताचा कायदा डेव्हिड स्टील यांच्या अशासकीय विधेयकातून आला. सोडतीत त्यांचा क्रमांक तिसरा होता, पण शेवटी ते तरलं ते सरकारने जादा वेळ दिला म्हणून. भारतात स्वातंत्र्यानंतर दोन्ही सभागृहांत संमत होऊन कायदा झालेली अशासकीय विधेयकं केवळ चौदा. संसदेच्या कामकाजाचं वृत्त छापणाऱ्यांना संरक्षण देणारं फिरोज गांधी यांचं १९५६ चं विधेयक त्यातलंच. शेवटचं १९७० साली, सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांविषयीचं, आनंद नारायण मुल्ला यांचं. त्यानंतर एकही नाही. २४ एप्रिल २०१५ ला तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने मंजूर केलं. सरकारने मागे घेण्याची विनंती केली होती, शिवा हटले नाहीत. कित्येक दशकांत एखाद्या सभागृहाने अशासकीय विधेयक मंजूर करण्याची ती पहिली वेळ. तेही लोकसभेत अडकलं, आणि २०१९ मध्ये आला तो सरकारचा वेगळा कायदा.

मग यातल्या त्यात बरी पद्धत कुठली? माझं मत कॅनडाच्या बाजूने. तिथे आठवड्यात एक दिवस राखून ठेवण्याऐवजी बैठकीच्या दर दिवशी एक तास दिला आहे. नवी संसद निवडून आली की पात्र सदस्यांची एकदाच सोडत निघते आणि लांबलचक यादी तयार होते. वरचे तीस जण अग्रक्रमात. विधेयकाला द्वितीय वाचनात एकूण दोन तास. एक तास झाला की विधेयक अग्रक्रमाच्या तळाशी जातं, पुन्हा हळूहळू वर येतं, दुसरा तास होतो आणि मत घेतलं जातं. मधले ते आठवडे वाया जात नाहीत. त्या काळात सदस्य एकेकाला भेटून पाठिंबा जमवतो, आक्षेप ऐकून घेतो. दोन सदस्य आपापसांत पाळी बदलूही शकतात. यादीत खाली नाव लागलं तर अख्ख्या कार्यकाळात पाळी येत नाही, हा दोष उरतोच. पण एकाने सगळ्यांचा वेळ खाण्याची सोय तिथे नाही, आणि ज्याची पाळी आली त्याच्या विधेयकावर मत पडतं, हे नक्की.

मत पडण्यावर मी एवढा जोर का देतो, त्याला एक जुनं उदाहरण आहे. ‘अशासकीय’ हा शब्द वसाहतीच्या काळातल्या कायदेमंडळांतला. सरकारी अधिकारी नसलेले ते अशासकीय सदस्य. असेच एक सदस्य गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी १६ मार्च १९११ रोजी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणलं. वर्षभर ते सरकारांकडे आणि संस्थांकडे मतांसाठी फिरलं. मग मार्च १९१२ मध्ये त्यावर दोन दिवस चर्चा झाली, आणि १९ तारखेला मतदान: बाजूने १३, विरोधात ३८. विधेयक पडलं. पण कुणाला ते हवं होतं आणि कुणाला नको होतं, हे नावानिशी दप्तरात राहिलं, आणि दोन दिवसांचा युक्तिवाद छापून लोकांपुढे गेला. १९१५ मध्ये गोखले वारले. तोच विषय घेऊन विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं, तेही अशासकीयच. ते संमत झालं, आणि १९१८ च्या त्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करता येऊ लागलं.